ट्रॅकवर जाण्यापूर्वी ब्रेकचे काय करावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

छोट्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकविषयी माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रे इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आणि माझदा एमएक्स-५ बाळगणाऱ्या मराठी वाचकांची असतात. काही पुण्याहून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी घेऊन जाणाऱ्यांची. प्रश्न निरनिराळे दिसले तरी घोटाळा एकच आहे. ब्रेक ‘कमी पडले’ म्हणजे नेमके काय झाले, हे न तपासताच सुटे भाग मागवले जातात. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेत आहे.

प्रश्न : माझी १९९१ची १.६ लिटरची एमएक्स-५ आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच जाणार आहे. मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि चार पिस्टनचे कॅलिपर (त्या चकत्यांवर पॅड, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, दाबणारे भाग) आताच बसवून घ्यावेत का? (रेडिंग)

आता नकोत. तुमच्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या आहेत आणि गाडी जेमतेम हजार किलोची आहे. एकदा जोरात ब्रेक दाबून चाके जाम करण्याइतकी ताकद या ब्रेकमध्ये मुळातच आहे. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरते. ट्रॅकवर कसोटी लागते ती उष्णता सोसण्याची. चालकासह ११०० किलो वजन ताशी १६० किलोमीटरवरून ६०वर आणायचे म्हणजे सुमारे नऊ लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यायची, आणि तिचा बहुतेक भाग डिस्क आणि पॅड यांनाच पोटात घ्यावा लागतो. रस्त्यावर त्यांना निवायला सवड मिळते, ट्रॅकवर पुढचे वळण लगेच येते. पहिल्या दिवसासाठी ताजे ब्रेक ऑइल, उष्णता सोसणारे पॅड आणि सुस्थितीतल्या साध्या डिस्क पुरेशा आहेत. पुढे वेग वाढला तर याच पिढीतल्या १.८ लिटर गाडीच्या पुढच्या २५५ आणि मागच्या २५१ मिलिमीटरच्या डिस्क ब्रॅकेटसह चारही चाकांना एकदम बसवता येतात आणि १४ इंची चाकांत त्या मावतात. मात्र तीस वर्षांहून जुन्या गाडीत कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकलेल्या असू शकतात. हे मॉडेल ओळखणाऱ्या मेकॅनिककडून चारही कॅलिपर आधी तपासून घ्या.

प्रश्न : भोके पाडलेल्या डिस्क थंड राहतात, असे विक्रेता सांगतो. घ्याव्यात का?

ट्रॅकसाठी घेऊ नका. भेगा भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात, आणि भोकांपायी गेलेले लोखंड उष्णता साठवण्याच्या कामाचे होते.

प्रश्न : इंग्लंडमधल्या स्नेटरटन ट्रॅकवर चौथ्या फेरीत, बेंटली स्ट्रेट या सरळ पट्ट्याच्या शेवटी, पेडल अचानक मऊ होऊन जवळजवळ तळाला टेकले. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत झाले. गॅरेजने ‘दोष नाही’ असे सांगितले. मित्र पॅड बदलायला सांगतात. ऑइल चार वर्षांपूर्वी बदलले होते, पण त्याची पातळी कमी झालेली नाही. (नॉरिच)

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल घट्टच राहते, तुम्ही सारा जोर लावता, जळका वास येतो आणि गाडी मात्र पुढे जात राहते. तुमचे पेडल मऊ झाले, याचा अर्थ बहुधा कॅलिपरमधले ऑइल उकळले. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडलची सगळी चाल बुडबुडे दाबण्यातच संपते. ऑइल निवले की वाफ पुन्हा द्रव होते, पेडल घट्ट लागते आणि गॅरेजच्या माणसाला काहीच सापडत नाही.

आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ग्लायकॉलच्या जातीचे ते रसायन असून पावसाळ्यातल्या मिठासारखे हवेतले पाणी ओढून घेते. अमेरिकी वाहतूक खात्याने ठरवलेल्या डॉट ४ दर्जाचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. रोजच्या रस्त्यावर तेवढ्यावरही निभावते, ट्रॅकवर मात्र तुम्ही तो उंबरठा चार फेऱ्यांत ओलांडता. पातळी कमी झाली नाही म्हणजे ऑइल चांगले आहे, हा समज मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे आणि तो निव्वळ ऐकीव आहे. पातळीवरून पॅड किती झिजले किंवा कुठे गळती आहे याचा अंदाज येतो, पाणी किती मुरले ते कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच तक्रारीची एक गाडी मी स्वतः उघडली. कॅलिपरच्या निपलला (ऑइल काढण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून पाना पाव फेरा फिरवला, तर कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव आला, त्यात मोहरीएवढे बुडबुडे आणि मागोमाग काळा गाळ. शेजारच्या बाटलीतले नवे ऑइल फिक्या मधासारखे होते. त्या गाडीला महागड्या मोठ्या डिस्क नुकत्याच बसवल्या होत्या, आणि बसवणाऱ्याने जुन्याच ऑइलवर नुसती हवा काढून गाडी मालकाच्या हाती दिली होती. ब्रेक ऑइलमध्ये विक्रेत्याला फारसे सुटत नाही, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही. याची मला मनापासून चीड येते, कारण धोका चालकाच्या जिवाला असतो.

तेव्हा सगळे ऑइल बदला आणि ३०० अंशांच्या वर उकळणारे, रेसिंगसाठीचे डॉट ४ भरा. गेल्या मोसमात उघडलेला अर्धा डबा वापरू नका. यापुढे दर ट्रॅक दिवसाआधी प्रत्येक कॅलिपरमधले थोडे ऑइल काढून ताजे येऊ द्या, आणि वर्षातून एकदा सगळे बदला. जुन्या गाडीचे ब्लीडिंग करताना, म्हणजे जुने ऑइल आणि हवा काढताना, पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) न वापरलेल्या भागातला गंज रबरी सील कापतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि मास्टर सिलिंडर, होज व सीलही त्यालाच दाखवा. ‘पुढच्या खेपेला बघू’ असे करू नका. ऑइल बदलेपर्यंत ट्रॅकवर जाऊ नका.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४च्या वरचे ना?

नाही. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ त्याहून निराळे, ग्लायकॉलचेच आहे. टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचा. शंका असेल तर भरण्यापूर्वी विचारा.

प्रश्न : फक्त पुढच्या चाकांसाठी मोठ्या कॅलिपरचा संच स्वस्तात मिळतो आहे. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकसाठी घेऊ का? (फ्रीमाँट)

पुढचे आणि मागचे ब्रेक यांचा मेळ कंपनीने गाडीच्या वजनानुसार बसवलेला असतो. नुसत्या पुढच्या ब्रेकची पकड वाढवली की पुढची चाके लवकर जाम होतात, मागचे टायर पुरते कामाला लागत नाहीत आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. उलट, मागे फार आक्रमक पॅड घातले तर वळणात शिरताना गाडी गिरकी घेते. संच विकणाऱ्याला पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ आणि मूळ गाडीशी त्याचे प्रमाण विचारा. त्याला ते सांगता आले नाही तर व्यवहार तिथेच थांबवा, आणि सांगता आले तरी एमएक्स-५ ट्रॅकसाठी तयार करणाऱ्या माणसाला ते आकडे दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : ट्रॅकचे पॅड घालूनच रोज ऑफिसला गेले तर चालेल का?

खऱ्या रेसिंग पॅडवर चालणार नाही. ते तापल्याखेरीज नीट पकडत नाहीत, आणि थंडीतल्या सकाळी पहिल्या सिग्नलला कोणी आडवे आले तर ते तापलेले नसतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले मधल्या जातीचे पॅड मिळतात. तुमच्या गाडीचे वजन आणि टायर सांगून उत्पादकाकडून नेमका प्रकार विचारून घ्या.

प्रश्न : कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवरून आल्यापासून ब्रेक दाबला की हॅचबॅकचे स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकली म्हणतात. लेथवर घासून घेऊ? (पुणे)

लगेच नको. डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणे थोडी असतात. पुष्कळदा तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एखाद्या जागी जाड बसतो. सत्र संपल्यावर तुम्ही ब्रेक दाबून धरून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) उभे राहिला असाल, तर तो तिथेच चिकटला असेल. शेवटची फेरी ब्रेक फारसे न वापरता मारावी, आणि उभे राहिल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, म्हणजे पाय ब्रेकवर ठेवावा लागत नाही आणि मागे डिस्क असलेल्या गाडीत हँडब्रेकही ओढावा लागत नाही. आता चाक काढून डायल गेजने (बारीक डगमग मोजणाऱ्या मापकाने) डिस्क आणि हब (डिस्क ज्यावर बसते तो भाग) दोन्ही मोजून घ्या. डिस्कच्या पृष्ठभागावर नख फिरवा. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत गेलेली भेग असेल तर ती डिस्क बदलायचीच. आणि मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याचा जो विचार तुम्ही लिहिला आहे, तो गाडीत बदल करण्यावर बंधने घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची अडचण आरटीओत आणि विमा कंपनीत विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका.

प्रश्न : नवे पॅड शनिवारी संध्याकाळी येणार, ट्रॅक रविवारी सकाळी. पिटमध्ये बदलले तर चालतील का?

पहिले सत्र केवळ नवे पॅड तापवून डिस्कशी जुळवून घेण्यात घालवण्याची तयारी असेल, आणि आयोजकांच्या प्रशिक्षकाला तसे आधी सांगणार असाल, तरच. पॅडच्या उत्पादकाने दिलेल्या क्रमाने वेग हळूहळू वाढवत ब्रेक तापवा, मग पूर्ण निवू द्या. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा. पॅड पुढच्या वेळी दोन आठवडे आधी मागवा.