हिब्रू शास्त्र सर्व माणसांना एकाच कुळातली मानते, की ती आपुलकी फक्त ‘निवडलेल्या’ लोकांपुरती आहे?

शास्त्र मानते, शास्त्र पाठ असलेले मानतातच असे नाही. मी ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला, आहे आणि हा वाद आमच्या घरात माझ्या लग्नावरून झालेला आहे.

आमच्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन गट होते. कातडीच्या रंगाशी त्याचा फारसा संबंध नसे. ज्यांच्या पूर्वजाने समाजाबाहेरची बायको केली असे मानले जाई, त्यांची संतती ‘काळी’ ठरे आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. माझी पत्नी अशा घरातली. लग्नाआधीच्या मलिद्याला, म्हणजे आमच्या प्रार्थना-प्रसादाच्या विधीला, इस्राएलहून माझी आत्या आली होती. एलियाहू हान्नाबी या संदेष्ट्याच्या नावाची प्रार्थना झाली, साखर-खोबरे लावलेल्या पोह्यांचे ताट फिरत तिच्यापुढे आले. तिने वरचा एक खजूर उचलला, माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे पाहिले आणि तो जागच्या जागी परत ठेवला.

हीच आत्या १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरण्याला बसली होती. बेने इस्राएलांचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासावी, असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, १९६२ मध्ये काढला होता, आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ऑगस्ट १९६४ मध्ये केला, तो या आंदोलनानंतर. त्या दिवसांची हकीकत सांगताना आत्या मलाखी संदेष्ट्याचे वचन म्हणत असे : आपणा सर्वांचा पिता एकच नाही काय?

मलिद्याच्या रात्री मी तेच वचन तिला ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, “पुढची ओळ वाच.” पुढच्या ओळीत परक्या देवाची कन्या वरल्याबद्दल यहूदाला दोष दिलेला आहे. मी शास्त्रातल्या रूथचे नाव काढले : मवाबी, म्हणजे मवाब या परक्या देशातल्या, माणसाला मंडळीत येऊ देऊ नये असे शास्त्रातले ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक सांगते, तरी रूथ मवाबी आणि दावीद राजा तिचा पणतू. आत्या म्हणाली, “तिने आपला देव पत्करला होता.” मी गप्प बसलो, ती माझी चूक झाली, कारण रूथच्या तोंडी आधी ‘तुझे लोक ते माझे लोक’ आहे आणि देव त्यानंतर येतो.

वंशावळच काढायची तर मुळापर्यंत काढावी. रब्बी अकीवांनी ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे तोरेतले, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतले, थोर तत्त्व सांगितले, तेव्हा बेन अझ्झाई या दुसऱ्या पंडितांनी आदामाच्या, म्हणजे सगळ्यांच्या मूळ पुरुषाच्या, वंशावळीचे वाक्य त्याहून थोर ठरवले. मिश्ना हा रब्बींच्या शिकवणीचा जुना संग्रहही म्हणतो की, माझा बाप तुझ्या बापाहून मोठा, असे कोणी कोणाला म्हणू नये म्हणूनही माणूस एकटा निर्माण केला गेला.

आता हेही सांगितले पाहिजे की मिश्नाच्या त्याच उताऱ्यात, एक जीव वाचवणे म्हणजे सारे जग वाचवणे या वाक्यात, काही प्रतींमध्ये ‘इस्राएलातील’ एक जीव असा पाठ आहे, त्यामुळे आत्यासारख्यांना आधार अगदीच नाही असे मी म्हणणार नाही. तरी शुक्रवारी दिवस मावळल्यावर शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की माझ्या सासूबाईंच्या घरी चूल पेटत नसे, आणि आत्याच्या घरी मात्र शब्बाथलाही टीव्ही चालू असे.