बोका मेला, गेला, की देवाघरी गेला?

प्रश्न असा आलाय: घरातला म्हातारा बोका मेला, सोसायटीच्या ग्रुपवर "आमचा गुंड्या देवाघरी गेला" असं टाकलं, तर एका काकांनी टोकलं की जनावर मरतं, देवाघरी माणसं जातात, आणि दुसऱ्याने टोमणा मारला की तुम्ही तर देवच मानत नाही ना? मग बरोबर काय?

काकांचं म्हणणं नियमासारखं वाटतं खरं, पण आपण तसं बोलत नाही. हायवेवर गाडीखाली येऊन कुत्रं "मेलं", पण शेजाऱ्यांचा मोती "गेला". जात तीच, फक्त नाव आलं आणि क्रियापद बदललं, लिंगसुद्धा बदललं बघा, ते कुत्रं पण तो मोती. उलट माणसं परकी असली की "अपघातात तीन जण मेले" असं आपण सहज म्हणतोच की! म्हणजे इथे माणूस की जनावर हा मुद्दाच नाहीये, आपला की परका एवढंच आहे. शिवाय "मेलं परत दुधाला तोंड लावून गेलं" हे आपण धडधाकट जिवंत मांजराला रोज म्हणतो, त्यामुळे खरंच मेल्यावर तोच शब्द वापरायला जीभ अडखळते.

"वारला" मात्र माणसापुरतंच राहिलंय, "बोका वारला" म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू येणार.

मला यातला सगळ्यात आवडता शब्द म्हणजे दगावणे. "वीज पडून दोन म्हशी दगावल्या" अशी बातमी असते आणि बाळ दगावलं, पेशंट दगावला असंही म्हणतात, म्हणजे गोठा आणि हॉस्पिटल दोन्हीकडे चालतो. मूळ फारसीतला दगा. जगेल असं धरून चाललेलो आणि ऐनवेळी दगा झाला, हा भाव त्यात आहे, म्हणून पार्वो हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार होऊन पिल्लू दगावतं, पण म्हातारपणाने गेलेल्या बोक्याला कोणी दगावला म्हणत नाही.

आता देव न मानण्याचं. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी या सगळ्यांत मेल्यानंतरचा पत्ता दिलेला आहे. "दिवंगत" लोक न्यूट्रल समजून वापरतात, पण तोही स्वर्गात गेलेलाच. बौद्ध कुटुंबांनी हे पत्ते नाकारून "कालकथित" हा शब्द धरला, पालीत मेलेल्याला कालकत म्हणतात त्याच्या जवळचा, आणि शोकसंदेशात, पुण्यानुमोदनाच्या (मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या) पत्रिकेत नावाआधी "कै."च्या जागी तो दिसतो. सगळं अनित्य, म्हणजे न टिकणारं, मानायचं आणि वर कैलासाचा पत्ता द्यायचा, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. "पंचत्वात विलीन" नास्तिकालाही चालेल, पण बोक्यासाठी जरा जडच होतं.

तरी "देवाघरी गेला"वरून कोणाची नास्तिकता तपासू नये असं माझं मत. पक्का नास्तिकसुद्धा गॅस संपला की "अरे देवा" म्हणतो, आणि घरात लहान पोर असेल तर तिला दुसरं काय सांगणार? शंका घ्यायचीच तर "तुमच्या बोक्याचा आत्मा घरातच घुटमळतोय, फोटो पाठवा, मी बोलून देतो" म्हणत फी सांगणाऱ्यावर घ्या, तिथे घ्यावी तेवढी थोडीच.

माझी पसंती साध्या "गेला"ला. कुठे गेला ते त्यात सांगावं लागत नाही, मानणारा आणि न मानणारा दोघांचंही भागतं. बोक्याच्या बाबतीत एकच लोचा आहे, बोके चार-चार दिवस गायब असतात, त्यामुळे "गुंड्या गेला" वाचून लोक विचारणार, कुठे गेला, सापडला का? म्हणून कारण जोडा: "गुंड्या काल रात्री म्हातारपणाने गेला." संपलं.

आणि हो, "मृत पावला" तेवढं लिहू नका, पेपरात सर्रास येतं तरी. पावणे म्हणजे मिळणे, त्यामुळे मरण पावतो, मृत्यू पावतो, मृत कसा पावणार?