डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावून ‘एक-एक-एक’ म्हणायला का लावतात?

तुमच्या आईंना तपासताना डॉक्टरांनी असं का म्हणायला लावलं, हे तुम्ही विचारलंत. त्यांना न्यूमोनिया असल्याची शंका होती, म्हणून त्यांचा आवाज फुफ्फुसातून कसा ऐकू येतो ते डॉक्टर तपासत होते.

निरोगी फुफ्फुस हवेने भरलेलं असतं. त्यात आवाजातल्या वरच्या पट्टीच्या लहरी अडतात, म्हणून स्टेथोस्कोपमधून नुसती अस्पष्ट गुणगुण येते, शब्द कळत नाहीत. न्यूमोनियात तो भाग द्रवाने भरून घट्ट होतो आणि श्वासनलिकेतला आवाज जवळजवळ जसाच्या तसा पाठीपर्यंत पोहोचतो. ‘एक-एक’ मोठं आणि स्पष्ट आलं तर त्याला ब्रॉन्कोफोनी म्हणतात.

मला स्वतःला कुजबुजीची तपासणी जास्त भरवशाची वाटते. पेशंटला अगदी हळू, घसा न वापरता ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगायचं. एरवी काहीच ऐकू येत नाही, पण घट्ट झालेल्या जागी तेच शब्द कोणी कानाशी कुजबुजल्यासारखे येतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो.

तिसरा प्रकार इगोफोनी. पेशंट ‘ई’ म्हणतो आणि आपल्याला ‘ए’ ऐकू येतो, तोही नाकातून, शेळीच्या बें-बेंसारखा. नावातच ग्रीक शेळी आहे. 1816 मध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकनेच ते दिलं. छातीत, फुफ्फुसाच्या बाहेर, पाणी झालं असेल तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर हा आवाज सापडतो, खाली मात्र आवाज दबतो.

छातीच्या दोन्ही बाजू ताडून पाहाव्याच लागतात, आणि नक्की निदानासाठी एक्स-रे काढाच.