छातीत जळजळ नाही, तरी पित्त?

प्रश्न : फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटलं तेव्हा युक्रेनमधल्या खारकीवच्या मेट्रो स्थानकात सहा रात्री काढून मुलगा परतला. अजूनही सारखा खाकरतो, आवाज बसतो. छातीत जळजळ नाही, तरी डॉक्टर पित्त म्हणतात. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, ते खरं असू शकतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन (अन्न पचवणारा पाचकरस) वर घशापर्यंत येतं. तिथलं अस्तर फार नाजूक. बॉम्बहल्ल्यात तळघरात राहणाऱ्यांचं आठवा: मिळेल तेव्हा खाणं, जागं राहायला कॉफी, सिगारेट, खाल्ल्याखाल्ल्या फरशीवर आडवं होणं. वर जिवाची भीती. त्याला जवळ बसवून विचारा, अजून रात्री दचकून उठतो का? मला याचीच जास्त काळजी वाटते. जेवण झोपेआधी तीन तास. मात्र आवाज इतके दिवस बसतोय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्याच.