ताईच्या शेजारची सदनिका: घ्यावी का, केव्हा आणि कोणाच्या नावावर?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक भगिनी ६६ वर्षांच्या आहेत, अनुदानित शाळेतून निवृत्त झाल्या असून पतिनिधनानंतर डोंबिवलीत एकट्याच राहतात. मुलगी टोरांटोला असते. दरमहा ३८ हजार रुपये निवृत्तिवेतन, ३२ लाखांच्या ठेवी (त्यांपैकी १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत) आणि सुमारे ९० लाखांना विकले जाईल असे राहते घर, ही त्यांची पुंजी. त्यांच्या ७० वर्षांच्या थोरल्या भगिनी, ज्यांचे पती हयात नाहीत आणि ज्यांना मूलबाळही नाही, दोन वर्षांपूर्वी तळेगावच्या एका ज्येष्ठांच्या संकुलात राहायला गेल्या. त्यांच्याच मजल्यावरची, ‘ताईच्या दारापासून सहा पावलांवरची’ सदनिका ५८ लाखांना विक्रीस आहे. डोंबिवलीचे घर विकून ती घ्यावी का, आणि ताई म्हणतात त्याप्रमाणे दोन्ही सदनिकांवर दोघींची नावे लावावीत का, असे त्यांनी विचारले आहे.

परवडण्याच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार आपल्या आवाक्यात आहे. सर्व खरेदीदार महिला असल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत धरून, शुल्क आणि नोंदणीसह सदनिका सुमारे ६२ लाखांना पडेल. संकुलाचे मासिक शुल्क १४ हजार आणि भोजनगृहाचे ९ हजार, असे २३ हजार आपण कळवले आहेत. ते निवृत्तिवेतनातून भागतात आणि ठेवींच्या व्याजाला हात लावावा लागत नाही. मात्र हे शुल्क दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढले तर नऊ वर्षांत दुप्पट होते, आणि पुढे कधी दिवसरात्र मदतनीस ठेवावी लागली तर तिचे महिना पंचवीस-तीस हजार वेगळे. ताई शेजारी आहेत म्हणून हा खर्च टळेल असे आपल्या पत्रातून ध्वनित होते. पण त्या आपल्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत, हे हिशेब मांडताना विसरून चालणार नाही.

कराचे गणित सोपे आहे. आपले घर १९९८ मधील असल्यामुळे खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते. आपल्या अंदाजाप्रमाणे ते साडेसात लाख मानल्यास नफा साडेब्याऐंशी लाख होतो. नवी सदनिका घेतल्याने त्यातील ६२ लाखांवर सूट मिळून साडेवीस लाख करपात्र उरतात, आणि साडेबारा टक्के दराने, उपकरासह, जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपये कर बसतो. मात्र २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून २० टक्के दराने हिशेब करण्याचा जुना पर्यायही आहे, आणि त्या पद्धतीने हा कर जवळजवळ उरतच नाही, म्हणून दोन्ही हिशेब आधी करून पाहावेत. कर बसलाच तर तो वाचवण्यासाठी साडेवीस लाख सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत घालता येतात, पण तेथे सव्वापाच टक्के व्याजावर रक्कम पाच वर्षे अडकते. पूर्ण कर बसणार असेल तर निव्वळ आकडेमोडीत रोखे थोडे सरस ठरतील. तरीही या वयात हाताशी रोकड असावी म्हणून मी निम्म्याच रकमेचे रोखे घेईन आणि उरलेली रक्कम, कर असल्यास तो भरून, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवीन, कारण तेथे आपल्याला अजून १८ लाखांची मुभा आहे आणि सध्याचा दर ८.२ टक्के आहे.

माझा खरा आक्षेप दुसऱ्या प्रश्नावर आहे. दोन्ही सदनिकांवर दोघींची नावे लावण्यामागची माया मला समजते. परंतु हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः घेतलेली मालमत्ता आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. सख्ख्या बहिणीचा क्रम त्यांच्या कितीतरी मागे लागतो. म्हणजे ताईंचे नाव आपल्या सदनिकेवर निम्म्या हिश्शाने लागले आणि मृत्युपत्र राहून गेले, तर आपल्याच घराचा अर्धा भाग त्यांच्या दिरांकडे किंवा पुतण्यांकडे जाऊ शकतो, आणि ज्या ६२ लाखांवर आपण करसूट मागणार त्यातील हिस्सा ताईंच्या नावे का, हा प्रश्नही उभा राहील. संस्थेत नामांकन केले आहे, असे ताई म्हणतील. पण नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, हे बहुतेकांना वेळ निघून गेल्यावरच कळते. तेव्हा प्रत्येकीची सदनिका तिच्या एकटीच्या नावावर असावी, आणि ताईंनी दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. त्याची नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी. हे काम आपल्या खरेदीच्या आधी व्हावे, असा माझा आग्रह आहे. एकमेकींना पैशांची मदत करायचीच असेल तर बहिणीने बहिणीला दिलेल्या रकमेवर घेणारीला प्राप्तिकर लागत नाही, त्यासाठी घरावर नाव लावण्याची गरज नाही.

राहिला घाईचा मुद्दा. ‘ही सदनिका गेली तर पुन्हा शेजार मिळणार नाही’ असे विक्रेत्याच्या मध्यस्थाने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. अशा संकुलांत राहणाऱ्यांवर वयाची अट असते, त्यामुळे फेरविक्रीला गिऱ्हाईक कमी असते आणि सदनिका रिकामी असली तरी मासिक शुल्क सुरूच राहते. हीच अडचण उद्या आपल्या मुलीपुढे, टोरांटोला बसून, उभी राहणार आहे. आज मात्र ती विक्रेत्याची आहे, म्हणून भावात घासाघीस करायला आपल्याला जागा आहे.

तेव्हा डोंबिवलीचे घर आत्ताच विकू नये. ते अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यावे आणि तळेगावला त्याच संकुलात, ताईंच्या मजल्यावर नसली तरी चालेल, सदनिका भाड्याने घ्यावी. आपण कळवलेल्या दरांनी येणारे २० हजार आणि जाणारे १५ हजार असा मेळ बसतो, आणि घर विकेपर्यंत करसवलतीची दोन वर्षांची मुदतही सुरू होत नाही. तळेगावचा एक पावसाळा तिथे काढावा, भोजनगृहाचे जेवण महिनोन्‌महिने जेवून पाहावे, आणि चार वाजता ताईंकडे चहाला जाणे रोजच्या रोज आवडते का, हेही पाहावे. लहानपणी एका खोलीत वाढलेल्या बहिणींना पन्नास वर्षांनी एकमेकींच्या सवयी नव्याने शिकाव्या लागतात, हे मी अनेक घरांतून पाहिले आहे. त्यानंतरही मन तसेच राहिले तर ताईंचे मृत्युपत्र झाल्याची खात्री करून सदनिकेसाठी ५४ लाखांपासून बोलणी सुरू करावीत.