घरी केलेल्या मसालेदार मीडबरोबर जेवायला काय वाढावं?

दालचिनी-लवंगेची मीड (मध आंबवून केलेली दारू) आहे, पाहुणे येणार आहेत, मटण करू की गोडाबरोबर देऊ, असं तुम्ही विचारलंय. मटणच करा. श्रीखंड, गुलाबजाम, काही काही नको.

"मीड गोड, म्हणजे ती गोडाबरोबरच" हे मी आमच्या साडूंच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय. आम्ही मरोळचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. नाताळात घरी सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा), फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे), आणि माझी मीड. ती महाबळेश्वरकडच्या जांभळाच्या मधाची. हा मध मुळातच जरासा कडवट, त्यामुळे मीड नुसती गोडमिट्ट होत नाही. एका नाताळात मी आत फुगे तळत होतो आणि साडूंनी मला न विचारता बाटली उघडून केक आणि मार्झिपान या बदाम-साखरेच्या मिठाईबरोबर सगळ्यांना वाटली. केकच्या साखरेपुढे मीडची गोडी गेली, उरला आंबटपणा आणि लवंग. मोठ्या वहिनी सरळ म्हणाल्या, "भावजी, हे तर खोकल्याचं औषध!" फार लागलं मला ते. कितीतरी महिने जपलेली बाटली होती.

जेवताना मी दुसरी काढली. सोरपोतेल चांगलं मुरलेलं, व्हिनेगर आतपर्यंत गेलेलं, वर लालभडक तवंग. एक घास, त्यावर एक घोट. जिभेवरचा तेलकटपणा सुटला, मिरचीची आग बसली आणि मागून दालचिनी आली. त्याच वहिनींनी पुन्हा ग्लास पुढे केला. साडूंचं अजूनही म्हणणं, मटणाबरोबर मीड वाया जाते. त्यांनी त्या दिवशी वहिनींचा चेहरा बघायला हवा होता.

ताटातला पदार्थ पेयापेक्षा गोड असला की पेय आंबट आणि पाणचट लागतं, एवढंच आहे हे. उलट दारूने तिखट जास्त झोंबतं, ते आवरायला थोडी गोडी लागते. म्हणून तुमची मीड अगदी ड्राय, म्हणजे गोडी न उरलेली, झाली असेल तर झणझणीत रस्सा टाळा, तळलेले बोंबील करा.

मटणात गरम मसाला मात्र हात राखून घाला. लवंगेतल्या युजेनॉलने जीभ बधिर होते, दातदुखीला लवंग धरतो ती त्यासाठीच. मीडमध्येही लवंग आणि ताटातही लवंग, मग चव कशाचीच कळत नाही. त्यापेक्षा आंबट चढवा. कोणी शाकाहारी असेल तर भरली वांगी छान लागतात. मीड फ्रीजमधून थोडी आधी काढून ठेवा, बर्फगार मीडला मसाल्याचा वास येत नाही.

परवान्याचं तुम्ही बघितलं असेल असं धरतो. आपल्याकडे महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य करायलाच काय, प्यायलाही परवाना लागतो. आणि बाटलीत अजून बुडबुडे धरत असतील तर ती पाहुण्यांसमोर आणूच नका, फुटू शकते.

जेवणानंतर कुणी केक मागितलाच तर जरूर द्या, पण मीडचे ग्लास आधी उचला आणि चहा टाका.