घोरणं, डी जीवनसत्त्व आणि सॅशेवरचा भरवसा

प्रश्न : पती ४६ वर्षांचे, वजन ९२ किलो. रात्री जोरात घोरतात, मध्येच आवाज बंद पडतो आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात. तपासणीत डी जीवनसत्त्व ११ निघालं. ते भरून निघालं की घोरणं थांबेल, असं अनेकांनी सांगितलं. आठ आठवडे सॅशे घेतले, आकडा ३४ वर आला, घोरणं मात्र तसंच. डोस वाढवावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी डी (तपासणीत मोजतात ते डी) मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. ३४ म्हणजे सॅशेने आपलं काम चोख केलं. घसा मोकळा करणं हे त्याचं काम नव्हतंच.

तुम्ही लिहिलेली लक्षणं स्लीप अ‍ॅप्नियाकडे, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा ठळकपणे मंदावला, तर ती एक घटना मोजतात. तासाला ५ ते १४ घटना म्हणजे सौम्य आजार, १५ ते २९ मध्यम, ३० पासून पुढे तीव्र.

अशा रुग्णांत डी कमी सापडतं हे खरं आहे, पण त्याचं बरंचसं कारण दोन्हींच्या मागे असलेलं वजन. डी चरबीत विरघळतं आणि चरबीतच अडकून राहतं, म्हणून जाड माणसाच्या रक्तात ते कमी दिसतं. तीच चरबी मानेत आणि जिभेत साठली की घसा अरुंद होतो. शिवाय दिवसभर पेंगणारा माणूस उन्हात जातो तरी किती? डी फार कमी असेल तर मांड्या-दंडांचे स्नायू दुबळे होतात, तसेच घशाचेही होत असावेत, असा तर्क मांडला जातो. तर्क म्हणून ठीक आहे. पण डी दिल्याने झोपेत श्वास थांबणं खात्रीने कमी होतं, असं सिद्ध झालेलं नाही.

आता छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून झोपेची तपासणी करून घ्या. बऱ्याच जणांची ती घरीच होते : नाकाला बारीक नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. त्या रात्री मद्य नको. झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. सोबत टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा, कारण थायरॉइड मंदावलं तर जीभ आणि घशाच्या ऊती सुजून श्वास खरोखरच अडतो. पती केसांसाठी बायोटिन (बी७ जीवनसत्त्व) घेत असतील तर ते किमान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडचा आकडा फसवा येतो. (जीवनसत्त्वाची गोळी अशीही आडवी येते.)

वजन १० टक्क्यांनी, म्हणजे पतींच्या बाबतीत ९ किलोंनी उतरलं, तर घटना साधारण पाव हिश्शाने घटतात. कुशीवर झोपण्यानेही काहींना फरक पडतो. आजार मध्यम किंवा तीव्र निघाला तर सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं) हाच मुख्य उपाय. बरेच जण ते आठवडाभरात माळ्यावर टाकतात, आणि कारण बहुधा क्षुल्लक असतं. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडावाटे गळते आहे. नाक-तोंड झाकणारा मास्क मागा आणि यंत्राच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या भागात) डिस्टिल्ड पाणी भरा. डोळ्यांकडे हवा येत असेल तर पट्टे आवळत सुटू नका, मास्कचं माप बदला. निदान होईपर्यंत पेंग येत असताना पतींना गाडी चालवू देऊ नका.

प्रश्न : आईला (वय ७१) डीचा ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्याला एक लिहून दिला होता. तिने १२ दिवस रोज एक घेतला. काही होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : १२ दिवसांत ७,२०,००० युनिट पोटात गेले. आठ आठवड्यांचा पूर्ण कोर्स ४,८०,००० चा असतो. सॅशे आणि कॅल्शियमच्या गोळ्या लगेच थांबवा आणि आजच डॉक्टरांशी बोला. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि डी तपासावं लागेल. सारखी तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. रक्तदाबासाठी थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर धोका वाढतो, तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डी शरीरात साठून राहतं, म्हणून एक रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. पुढे सॅशे सुरू झालाच तर वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा आणि एका वेळी एकच आईच्या हातात द्या.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, शाकाहारी. घोरत नाही, पण दिवसभर थकवा. रात्री पडल्यावर पाय हलवत राहावेसे वाटतात. बी१२ १६० आहे, हिमोग्लोबिन १२.१. झोपेची तपासणी करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी नको. तुमच्याबाबतीत कमतरताच मुख्य संशयित आहे. बी१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमीच. इंजेक्शन घ्यायचं की रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, हे हातापायांना मुंग्या येतात का, यावरून डॉक्टर ठरवतील. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत बसू नका. त्याने रक्त सुधारतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

पायांची ती तगमग लोहाशी जोडलेली असू शकते, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असतो. सकाळी उपाशीपोटी फेरिटिन (या साठ्याचा आकडा) तपासा. पायांचा हा त्रास असताना ते ७५ च्या खाली असेल तर सहसा लोह देतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा, कॉफी आणि कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. सुमारे तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहा. आकडे सुधारूनही थकवा राहिला, तर झोपेच्या तपासणीचा विचार करा. काही स्त्रियांना न घोरताही स्लीप अ‍ॅप्निया असतो.